सिलिकॉनमधल्या अरुंद चरांत पॉलिमर भरणे: ५ मायक्रॉन रुंद, ६० मायक्रॉन खोल चरासाठी बीसीबीची पूर्ण पद्धत

अरुंद चर भरला गेला नाही की पहिला आळ रेझिनच्या घट्टपणावर येतो आणि ते पातळ करण्याची घाई सुरू होते. काम बिघडते ते इथूनच. बीसीबी हे पॉलिमर सायक्लोटीन या नावाने विकले जाते. त्याच्या ३०२२ मालिकेतले सर्वांत घट्ट रेझिन ३०२२-६३ उदाहरणादाखल पाहा. त्याची स्निग्धता साधारण ८७० सेंटीस्टोक आहे. पाच मायक्रॉन रुंदीच्या चरात ते निव्वळ केशाकर्षणाने ६० मायक्रॉन खाली उतरायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. अट एकच, वाटेत हवा नको. म्हणजे रेझिनला पोचायला वेळ लागतो ही अडचणच नाही. खऱ्या अडचणी तीन: तळाशी कोंडलेली हवा, नंतर उडून जाणारा द्रावक, आणि एचिंगनंतर, म्हणजे चर कोरून झाल्यावर, भिंतींवर उरलेला फ्लोरोकार्बनचा थर. रेझिन पातळ केल्याने पहिली सुटत नाही, दुसरी मात्र वाढते.

हवेचे गणित सोपे आहे. दोन समांतर भिंतींमध्ये केशिका दाब म्हणजे पृष्ठताणाच्या दुप्पट गुणिले संपर्ककोनाची कोसाइन, भागिले रुंदी. पृष्ठताण ३० मिलीन्यूटन प्रति मीटर, संपर्ककोन ३० अंश आणि रुंदी ५ मायक्रॉन धरली तर उत्तर साधारण १० किलोपास्कल येते. कोंडलेली हवा मात्र १०१ किलोपास्कलवर बसलेली असते. चराचे तोंड एकदम झाकले गेले तर रेझिन जेमतेम पाच-सहा मायक्रॉन आत शिरेल आणि तिथेच अडेल. लांब चरात हवेला बाजूने पळायला वाट असते, म्हणून तो गोल आंधळ्या छिद्रापेक्षा सहज भरतो. पण त्यातही टोकाला आणि चर एकमेकांना छेदतात त्या चौकात बुडबुडा राहतोच.

कोणते पॉलिमर

इथे उदाहरण म्हणून १०० मिमी वेफर (सिलिकॉनची चकती), चर ५ मायक्रॉन रुंद आणि ६० मायक्रॉन खोल, आणि हेतू दोन भागांत विद्युतरोधन करून वरून धातूची पट्टी नेण्याचा, असे धरले आहे. अशा कामाला बीसीबी, म्हणजे बेन्झोसायक्लोब्युटीन, चांगले. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.६५ आहे, सिलिकॉन डायऑक्साइडचा ३.९. पक्के होताना त्यातून पाणी किंवा दुसरे काही बाहेर पडत नाही. पॉलिइमाइड इथे टाळावे ते याचसाठी. इमाइड बनताना त्यातून पाणी सुटते आणि खोल चराच्या तळातून त्या वाफेला बाहेर यायला जागा नसते.

तीन मायक्रॉनच्या खाली गेलात तर पॅरिलीन-सी, म्हणजे वाफेतून बसणारे पॉलिमर, विचारात घ्या. वीस मायक्रॉनच्या वर, आणि पुढे तापमान फार चढणार नसेल, तर सिलगार्ड १८४ सारखे द्रावकविरहित सिलिकोन सोपे पडते. एसयू-८, म्हणजे प्रकाशाने पक्के होणारे इपॉक्सी रेझिन, याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. वरून दिलेला अतिनील प्रकाश अरुंद चराच्या तळापर्यंत पुरेसा पोचत नाही, तळातले रेझिन कच्चे राहते आणि पुढच्या पहिल्याच गरम पायरीला त्रास देते.

साहित्यात सायक्लोटीन ३०२२-५७ आणि ३०२२-४६, चिकटपणासाठी एपी-३०००, दाबमापक आणि सुईझडप असलेला निर्वात डेसिकेटर, टप्प्याटप्प्याने तापमान चढवता येणारी हॉटप्लेट, आणि नायट्रोजनची भट्टी एवढे हवे. भट्टीत ऑक्सिजन १०० पीपीएमच्या खाली राखता आला पाहिजे. स्वतःची सोय नसेल तर आयएनयूपी या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्त्यांसाठीच्या कार्यक्रमाखाली पवईच्या आयआयटी मुंबईत किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत बाहेरच्या संशोधकांनाही काम करता येते. पण पॉलिमर लावलेली वेफर कोणत्या यंत्रात चालते हे आधी विचारून ठेवा. ऑक्सिडेशनच्या स्वच्छ भट्टीत ती कुणीही घेऊ देणार नाही.

चराचा आकार आधी तपासा

खोल चर कोरण्याच्या बॉश पद्धतीत एसएफ६ वायूने खोदणे आणि सी४एफ८ वायूने भिंत फ्लोरोकार्बनने झाकणे हे आळीपाळीने चालते. त्यातून दोन गोष्टी मागे राहतात: भिंतीवर लहान लहान खवले, आणि मास्कच्या (न कोरायचा भाग झाकणाऱ्या थराच्या) खाली किंचित आत गेलेली भिंत. खवल्यांनी बीसीबीला फारसे बिघडत नाही. मास्कच्या ऑक्साइडची पुढे आलेली कड मात्र घातक. रेझिनची कड तिथेच अडकते आणि खाली हवेचा खिसा तयार होतो. म्हणून भरण्यापूर्वी ऑक्साइडचा मास्क बफर्ड एचएफने (हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावणाने) काढून टाका.

सोबतचा एक तुकडा तोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वरची, मधली आणि तळाची रुंदी मोजा. वर रुंद, खाली किंचित अरुंद असा ८९ अंशांचा उतार सर्वांत सोयीचा. पोट फुगलेला, म्हणजे मध्ये रुंद आणि तोंडाशी अरुंद चर असेल तर भरण्याची कृती बदलून उपयोग नाही, एचिंगच सुधारा. मास्क आखतानाच एका कोपऱ्यात २, ३, ५, ८, १० आणि २० मायक्रॉन रुंदीचे चाचणीचर घालून ठेवा, आणि सगळे चर वेफरच्या कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा. कडेपर्यंत गेलेला चर फिरवताना नळासारखा रिकामा होतो.

भिंत साफ करणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा उरकून टाकली जाते. वेफरच्या माथ्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो पसरला म्हणून भिंतही स्वच्छ आहे असे समजू नका. एचिंग चालू असताना माथा मास्कखाली झाकलेला होता, फ्लोरोकार्बन बसला आहे तो भिंतीवर. माथ्यावरचा थेंब भिंतीविषयी काहीच सांगत नाही.

आधी ऑक्सिजन प्लाझ्मा २० मिनिटे द्या. खोल चरात ऑक्सिजनचे क्रियाशील कण भिंतींवर आपटत आपटत वाटेतच संपतात, म्हणून सपाट वेफरला पाच मिनिटे पुरतात तिथे इथे चौपट वेळ. त्यानंतर पिरान्हा: तीन भाग सल्फ्युरिक आम्ल, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १५ मिनिटे. पेरॉक्साइड आम्लात हळूहळू घालायचा, उलट कधीच नाही. काचेचेच भांडे वापरा. जवळपास अॅसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असता कामा नये, आणि वापरलेले द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचे नाही, कारण त्यातून तासन्तास वायू सुटत राहतो.

धुतल्यावर वेफर फिरवून वाळवली तरी चरातले पाणी जागचे हलत नाही. शेवटचे धुणे आयपीएने करा, मग १५० अंशांच्या हॉटप्लेटवर १० मिनिटे आणि २०० अंशांवर २० मिनिटे ठेवा. पिरान्हातून बाहेर काढून पूर्ण धुतल्याशिवाय आयपीएजवळ नेऊ नका हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो.

जमत असेल तर यानंतर अर्धा मायक्रॉन थर्मल ऑक्साइड वाढवा. उरलासुरला फ्लोरोकार्बन जळून जातो, खवले गुळगुळीत होतात आणि रोधनाला दुसरी फळी मिळते. ऑक्साइडच्या जाडीच्या ४४ टक्के सिलिकॉन त्यात खर्ची पडते आणि उरलेली ५६ टक्के वाढ चराच्या आत होते. म्हणजे ५ मायक्रॉनचा चर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ०.५६ मायक्रॉनने अरुंद होईल. मापे ठरवताना ते धरून चला.

एपी-३००० आणि पहिला थर

एपी-३००० पाण्यासारखे पातळ असते. वेफरभर ओतून ३० सेकंद थांबा, मग मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरवून वाळवा. सपाट वेफरला एवढे पुरते. चराच्या तळाच्या कोपऱ्यांत मात्र ते साचून राहते आणि पुढे तेच उकळून बुडबुडे करते, म्हणून १५० अंशांवर दोन मिनिटे भाजा.

रेझिनची बाटली फ्रीझरमधून आदल्या रात्रीच काढून ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. थंड बाटली उघडली की हवेतली वाफ आत ओघळते. पावसाळ्यात तर विचारूच नका. बाटली हलवू नका, आणि सिरिंजमध्ये भरल्यावर सुई वर करून अर्धा तास उभी ठेवा.

आता ३०२२-५७ चे सहा-सात मिलीलिटर वेफरच्या मध्यावर ओता. १०० मिमी वेफरवर त्याचे पाऊण मिलिमीटरहून थोडे जाड डबके होईल. फिरवायचे नाही. वेफर सपाट उचलून डेसिकेटरमध्ये ठेवा, डेसिकेटरचा तळ समपातळीत आहे ना ते आधी पाहिलेले असावे.

निर्वात किती हा या सगळ्या कृतीतला कळीचा आकडा. जितका जास्त तितका चांगला, असे नसते. सायक्लोटीनचा द्रावक मेसिटिलीन, त्याचा बाष्पदाब खोलीच्या तापमानाला साधारण ३ मिलीबार. त्याखाली गेलात की द्रावक उकळतो आणि चरात नवे बुडबुडे तयार होतात. म्हणून १० मिलीबारवर थांबा. तिथून पुन्हा वातावरणाच्या दाबावर आणले की उरलेल्या हवेचे आकारमान शंभरावा भाग होते: ६० मायक्रॉनच्या चरात जेमतेम ०.६ मायक्रॉन. एसयू-८ ची २००० मालिका वापरत असाल तर तिचा द्रावक सायक्लोपेंटॅनोन १५ मिलीबारलाच उकळू लागतो, तिथे २० च्या खाली जाऊ नका.

दाब दोन-तीन मिनिटांत हळूहळू उतरवा. आधी डबक्यावर बारीक फेस दिसेल, तो चरातून बाहेर पडणाऱ्या हवेचा. १० मिलीबारवर दहा मिनिटे धरा, मग सुईझडप किंचित उघडून दोन मिनिटांत हवा आत सोडा. रेझिन चरात ढकलले जाते ते या हवा सोडण्याच्या वेळी, म्हणून इथे घाई नको. हे चक्र तीनदा करा. दुसऱ्या फेरीत फेस कमी आणि तिसऱ्यात जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. तिसऱ्यातही फेस तेवढाच असेल तर ती हवा नाही, द्रावक उकळतो आहे. दाबमापक तपासा.

फिरवण्याचा वेग

५०० फेऱ्यांवर १० सेकंद, मग १५०० फेऱ्यांवर ३० सेकंद. यापेक्षा वेगाने नको. मध्यापासून ४० मिमी अंतरावर त्रिज्येच्या दिशेने ५ मिमी लांबीचा चर असेल तर ३००० फेऱ्यांवर त्याच्या दोन टोकांत सुमारे १९ किलोपास्कलचा फरक पडतो. केशिका दाब रेझिनला धरून ठेवतो तो १० किलोपास्कलचा. साहजिकच आतल्या टोकाचे रेझिन बाहेर ओढले जाते. वेग निम्मा केला की फरक चौथाईवर, पाच किलोपास्कलच्या आत येतो. वेफरवरचे त्रिज्येच्या दिशेचे चर अर्धे रिकामे आणि आडवे चर नीट भरलेले दिसले तर दुसरे कारण शोधत बसू नका.

द्रावक बाहेर काढणे

३०२२-५७ मध्ये वजनाने ५७ टक्के घन भाग असतो. आकारमानाने तो साधारण ५२ टक्केच. म्हणजे काठोकाठ भरलेला चर सुकल्यावर निम्मा रिकामा होणार. दर थराला उरलेल्या रिकामेपणाची साधारण निम्मी जागा भरते असे धरले तर एका थराने ५२, दुसऱ्याने ७७, तिसऱ्याने ८९ टक्के. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा बरे येतात, कारण बीसीबी पक्के होण्याआधी गरम केल्यावर वितळून वाहते आणि वरच्या थरातले रेझिन चरात उतरते. ते तसे उतरायला वर पुरेसा थर मात्र हवा. वेफरचे १० टक्के क्षेत्र चरांनी व्यापले असेल तर ६० मायक्रॉन खोलीचा अर्थ संपूर्ण वेफरवर ६ मायक्रॉनचा थर गिळला जाणार. ३०२२-५७ सपाट वेफरवर वेगानुसार ६ ते १५ मायक्रॉन बसते. हिशेब जुळवून पाहा. चर दाट असतील तर एक थर जास्त लागेल.

भाजताना घाई केली की दुधावर धरते तशी वर साय धरते, खालचा द्रावक कोंडतो आणि पुढे १६५ अंशांजवळ, मेसिटिलीनच्या उत्कलनबिंदूला, सगळे एकदम उसळते. आधी ६० अंशांवर ३० मिनिटे, ८० वर ३० मिनिटे, १०० वर ३० मिनिटे, आणि १२० वर २० मिनिटे. मधले चढ मिनिटाला दोन अंशांनी. हे हॉटप्लेटवर करा. गरम हवा खेळवणाऱ्या ओव्हनमध्ये वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, आणि तेच आपल्याला नको आहे.

दुसरा थर पुन्हा ३०२२-५७ चा, त्याच निर्वात चक्रांसह. तिसरा ३०२२-४६ चा, सपाटीसाठी. थरांच्या मधे पूर्ण पक्के करू नका, पक्क्या बीसीबीवर पुढचा थर नीट धरत नाही. खालचा थर विरघळून हलतो आहे असे दिसले तर नायट्रोजनमध्ये २१० अंशांवर ४० मिनिटे अर्धे पक्के करून घ्या, तेवढे पुरते.

पक्के करणे

खोलीच्या तापमानापासून १५० अंशांपर्यंत १५ मिनिटांत, तिथे १५ मिनिटे थांबा. याच टप्प्यावर भट्टीला निर्वाताची सोय असेल तर एकदा निर्वात करून नायट्रोजन परत सोडा. रेझिन वितळलेले असते, राहिलेली पोकळी इथे मिटू शकते. मग २५० अंशांपर्यंत एका तासात आणि तिथे एक तास. १५० च्या वर असताना भट्टी उघडायची नाही. ऑक्सिजन शिरला तर थर पिवळा ते तपकिरी होतो आणि तो रंग परत जात नाही.

थंड होताना ताण येतो. बीसीबीचे औष्णिक प्रसरण अंशाला ४२ पीपीएम, सिलिकॉनचे २.६. २५० वरून खोलीच्या तापमानापर्यंत आकुंचनातला फरक ०.९ टक्क्याच्या आसपास जातो. पाच मायक्रॉन रुंदीत ते ४४ नॅनोमीटर झाले. भिंतीची पकड मजबूत असेल तर हा फरक ताणाच्या रूपात आत राहतो. पकड कच्ची असेल तर एका भिंतीलगत तेवढीच बारीक फट पडते. सपाट थरातला ताण २८ मेगापास्कलच्या आसपास असतो, चरात तो त्याहून जास्त असतो कारण पॉलिमर तिन्ही बाजूंनी बांधलेला आहे. म्हणून दोन चरांमधली सिलिकॉनची भिंत फार बारीक ठेवू नका.

वरचा थर उतरवणे

बीसीबीच्या साखळीत सिलिकॉन असते. नुसत्या ऑक्सिजन प्लाझ्माने पृष्ठभागावर सिलिकाचे खरखरीत गवत उरते. ऑक्सिजन ८० टक्के आणि सीएफ४ २० टक्के असे मिश्रण घ्या. एचिंगचा वेग यंत्रागणिक बदलतो, आधी सपाट वेफरवर मोजून घ्या. पातळ होत चाललेल्या थरावर दिसणाऱ्या रंगांच्या कडा सरकत नाहीशा झाल्या की थर संपत आला. तिथून पुढचे प्रत्येक जादा मिनिट चराच्या तोंडाशी खड्डा करते आणि धातूची पट्टी नेमकी त्या काठावर तुटते. पट्टीसाठी अर्धा-एक मायक्रॉन थर वर ठेवणेच बरे.

पोकळी पाहायची कशी, आणि तिच्यावरून काय कळते

वेफर तोडून छेद पाहणे हा सरळ मार्ग. तोडताना पॉलिमर ओढला जाऊन भिंतीपासून सुटतो आणि नसलेली फट दिसते, म्हणून तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गार करून तोडा. वर काही नॅनोमीटर सोने लावा आणि २ ते ५ किलोव्होल्टवर पाहा. न तोडता पाहायचे तर इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक. सिलिकॉन १.१ मायक्रॉनच्या पुढच्या तरंगलांबीला पारदर्शक असते. वेफर दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेली हवी, आणि फार डोपिंग (मुद्दाम घातलेली भेसळ) असलेले सिलिकॉन नको.

तळाशी एकच गोल, गुळगुळीत कडेची पोकळी असेल तर ती कोंडलेली हवा: निर्वात चक्र वाढवा. वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेले बारीक बुडबुडे म्हणजे द्रावक उकळला: भाजण्याचा वेग कमी करा. एका भिंतीलगत वरपासून खालपर्यंत सरळ फट म्हणजे भिंत घाण राहिली किंवा एपी-३००० पोचले नाही. तोंडाशी वाटीसारखा खळगा म्हणजे रेझिन कमी पडले, एक थर वाढवा. आणि ५ मायक्रॉनचे चर भरले पण २० चे खळग्यात गेले असतील तर तेही रेझिन कमी पडल्याचेच लक्षण. रुंद चर त्याच खोलीत चौपट रेझिन खातो.

पॅरिलीन वापरत असाल तर

त्यात द्रावक नाही, म्हणून वरचे बहुतेक त्रास नाहीत. त्याचा कच्चा माल, म्हणजे डायमर, १५० ते १७५ अंशांना वाफ होतो, ६८० च्या आसपास तुटतो आणि खोलीच्या तापमानाला, ०.१ मिलीबारच्या जवळपास, सर्व पृष्ठभागांवर सारखा बसतो. ३ मायक्रॉनच्या चराला दोन्ही भिंतींवर दीड मायक्रॉन हवे, पण तोंडाशी थर थोडा जाड बसत असल्याने तोंड आधी बंद होते आणि मध्यरेषेवर शिवण किंवा अरुंद उभी पोकळी राहते. निक्षेपण सावकाश, कमी दाबाला केले आणि चराला ८८-८९ अंशांचा उतार असला तर ती लहान होते, पूर्ण जात नाही. चिकटपणासाठी ए-१७४ सिलेन आधी लावा. पुढच्या पायऱ्यांत २९० अंशांजवळ जायचे असेल तर पॅरिलीन-सी नको, तिथे ते वितळते.

पुन्हा करायची वेळ आली तर

१२० अंशांपर्यंतच भाजलेले बीसीबी मेसिटिलीनमध्ये किंवा उत्पादकाच्या टी-११०० द्रावकात रात्रभर ठेवून धुता येते, आणि वेफर पुन्हा पिरान्हापासून सुरू करता येते. त्याआधी सगळे रेझिन आणि द्रावक निघून गेले आहेत याची खात्री करा, कारण पिरान्हा आणि सेंद्रिय द्रावक एकत्र आले की स्फोट होतो. २५० अंशांवर पक्के झालेले बीसीबी मात्र कोणत्याही द्रावकात सुटत नाही, आणि ६० मायक्रॉन खोल चरातून प्लाझ्माने ते पूर्ण काढणे व्यवहारात जमत नाही. इन्फ्रारेडची तपासणी म्हणून शेवटच्या भाजण्यानंतर, भट्टीत ठेवण्यापूर्वी करा.